रघुनाथ, राघव आणि राघोबा : नाव एक की तीन?

प्रश्न : कर्वेनगरची आत्या

सर्वांना नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला मुलगा झाला असून लवकरच बारसे आहे. आमच्या पणजोबांचे नाव रघुनाथ होते. त्यांच्यानंतर घरात ते नाव कोणालाच ठेवलेले नसल्यामुळे या मुलाला तेच ठेवावे, अशी माझ्या वडिलांची मनापासून इच्छा आहे. भावाची आणि वहिनीची त्याला ना नाही. मात्र नाव जवळजवळ पक्के होत आले असतानाच चहूबाजूंनी शंका निघू लागल्या, आणि बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असल्यामुळे त्या सगळ्या माझ्या पदरात येऊन पडल्या आहेत.

पहिली शंका अर्थाची. वहिनीच्या माहेरी कोणीतरी सांगितले की ‘रघु’ हा शब्द म्हणजे ‘लघु’च होय, तेव्हा लहान किंवा क्षुल्लक अशा अर्थाचे नाव मुलाला कशासाठी? दुसरी शंका पत्रिकेची. बाळाचा जन्म चित्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर झाल्यामुळे गुरुजींनी ‘रा’ हे अक्षर काढून दिले आहे. तेव्हा सरळ ‘राघव’ ठेवा, नाहीतरी दोन्ही नावे एकच आहेत, असा सल्ला रोज कोणीतरी देतो. तिसरी शंका आमच्या मोठ्या काकूंची आहे आणि तीच खरी अडचणीची आहे. त्या जन्मापासून सदाशिव पेठेत राहिलेल्या. त्यांचे म्हणणे असे की, रघुनाथ ठेवलेत की या गावात त्याचा राघोबा होणार, आणि नारायणरावांच्या खुनाची गोष्ट ऐकत जिथे प्रत्येक पिढी वाढली, त्या पुण्यात राघोबा हे नाव घरात आणू नये.

म्हणून जाणकारांना विचारते : रघुनाथ या नावाची घडण नेमकी कशी आहे, राघव आणि रघुनाथ खरोखर एकच आहेत का, आणि रघुनाथचा राघोबा कसा झाला? हे नाव असलेल्या माणसांना घरात आणि बाहेर कोणकोणत्या नावांनी हाक मारली जाते, हेही वाचायला आवडेल.

उत्तर : मुद्रितशोधक

आत्याबाई, नोकरीची सगळी वर्षे अप्पा बळवंत चौकाच्या आसपास लोकांची मुद्रिते तपासण्यात गेली असल्यामुळे शब्दांच्या बाजूने जे सांगता येईल ते सांगतो. इतिहासाचे इतरांनी सांगावे.

वहिनीच्या माहेरचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. संस्कृतात र आणि ल यांची अदलाबदल जुनी आहे. रोम आणि लोम, रोहित आणि लोहित या जोड्या जशा, तशीच रघु आणि लघु ही जोडी. मात्र या शब्दाचा मूळ अर्थ ‘क्षुल्लक’ असा नाही. ऋग्वेदात ‘रघु’ हा शब्द वेगवान, चपळ अशा अर्थाने येतो आणि धावणाऱ्या घोड्यांच्या वर्णनात तो शोभून दिसतो. ज्याच्या अंगावर ओझे नाही तो चपळ असतो, असा हा ‘हलका’ आहे. ‘लघु’ला लहानपणाचा आणि कमीपणाचा अर्थ चिकटला, तो रघूच्या वाट्याला आला नाही. या नावाची फोड तर खुद्द कालिदासानेच करून ठेवली आहे. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात दिलीप राजा मुलाचे नाव ठेवतो, तिथे ‘अवेक्ष्य धातोर्गमनार्थमर्थविच्चकार नाम्ना रघुमात्मसम्भवम्’ असे म्हटले आहे. हा मुलगा विद्येच्या पार जावा आणि युद्धात शत्रूंच्या पार जावा, म्हणून ‘जाणे’ हा अर्थ असलेल्या धातूकडे पाहून, अर्थ जाणणाऱ्या राजाने त्याचे नाव रघु ठेवले. बारशाच्या आधी नावाच्या अर्थाचा इतका विचार करणारा बाप आपल्या वाङ्मयात फार जुना आहे, हे वहिनींच्या माहेरी जरूर कळवावे.

आता रघुनाथ आणि राघव. दोन्ही नावे रामाची आहेत, पण त्यांची घडण निराळी आहे. रघुनाथ हा समास आहे. रघूंचा, म्हणजे रघूच्या कुळाचा नाथ, तो रघुनाथ. रघुपती, रघुवीर, रघुराज, रघुनंदन ही त्याच घरातली भावंडे. राघव हा समास नव्हे. यदूच्या वंशातला तो यादव, कुरूच्या वंशातला कौरव, मनूचा मानव, पंडूचा पांडव, तसा रघूच्या वंशातला राघव. त्यामुळे दशरथही राघवच आणि लक्ष्मणही राघवच, पण रघुनाथ म्हटले की रामाखेरीज कोणी डोळ्यांपुढे येत नाही. एक नाव कुळ सांगते आणि दुसरे त्या कुळातला धनी सांगते, म्हणून दोन्ही एकच आहेत असे मी म्हणणार नाही.

राघोबाचे कोडे याच फरकात आहे. रघुनाथपासून थेट लाडके नाव करायचे तर पहिले अक्षर ऱ्हस्व राहायला हवे होते. सदाशिवचा सदोबा झाला, त्याचा सादोबा झाला नाही. गजाननाचा गजोबा झाला, गाजोबा झाला नाही. त्या न्यायाने रघुनाथचा ‘रघोबा’ व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण राघोबा मुळात राघवपासून आला आहे. शब्दातल्या ‘अव’चा आपल्या बोलीत ‘ओ’ होतो. लवणाचे लोण झाले आणि नवनीताचे लोणी झाले, त्याच चालीने केशवाचा केसो, माधवाचा माधो आणि राघवाचा राघो झाला. पुढे आदराचा ‘बा’ लागून राघोबा आणि ‘जी’ लागून राघोजी. याउलट ‘रघुजी’ पाहावे. तिथे र ऱ्हस्व आहे, कारण ते नाव सरळ रघूवरून आलेले आहे. नागपूरकर भोसल्यांचे रघुजी आणि १८४८ साली ठाण्याच्या कारागृहात ज्यांना फाशी दिले गेले ते राघोजी भांगरे, या दोन नावांच्या पहिल्याच अक्षरात दोन निरनिराळ्या वाटा दिसतात. कागदोपत्री रघुनाथ असलेल्या माणसाला लोकांनी राघवाचे लाडके नाव दिले, आणि दोन्ही नावे एकाच देवाची असल्यामुळे कोणाला त्यात वावगे वाटले नाही.

जाता जाता शुद्धलेखनाचे एक सांगतो, कारण बारशाच्या पत्रिका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. सुटे लिहिताना ‘रघू’ असा दीर्घ लिहावा, पण समासात पूर्वपद ऱ्हस्वच राहते, म्हणून ‘रघुनाथ’. ‘रघूनाथ’ असे छापू नये. समर्थांच्या ‘रघुनायका मागणे हेचि आता’ या ओळीचे कारण काढून काही जण वाद घालतात, आणि छापील प्रतींत तिथे दीर्घ ‘रघू’ सापडतोही. पण तिथे वृत्ताची गरज असते, पत्रिकेला वृत्त नसते.

उत्तर : शनवारकर

मुद्रितशोधकांनी व्युत्पत्ती इतकी नीट लावून दिल्यावर माझे काम सोपे झाले आहे. काकूंच्या शंकेकडे वळतो.

रघुनाथराव हे थोरल्या बाजीरावांचे आणि काशीबाईंचे चिरंजीव. त्यांचा जन्म १७३४ साली साताऱ्याजवळच्या माहुलीला झाला आणि मृत्यू १७८३ साली कोपरगावी. घरच्या आणि दरबारच्या माणसांच्या लेखी ते ‘दादासाहेब’ होते. पेशव्यांच्या घरात नात्याची आणि मानाची नावे इतकी रुळलेली होती की बाळाजी बाजीराव हे नानासाहेब, सदाशिवराव हे भाऊसाहेब आणि माधवराव हे रावसाहेब. राघोबादादा हे नाव या दोन चालींचे मिश्रण आहे. राघोबा हे नावाचे लाडके रूप आणि दादा हे घरातले नाते. बोलताना आपण ते एकच नाव समजतो.

काकूंना जे राघोबा आठवतात ते ३० ऑगस्ट १७७३ चे. त्या दिवशी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारले. रामशास्त्र्यांनी त्या खुनाचा दोष रघुनाथरावांवर ठेवला. ‘धरावे’चे ‘मारावे’ केल्याची आनंदीबाईंची गोष्ट मात्र परंपरेने चालत आलेली आहे. तिच्यावर नाटके उभी राहतात, निवाडा उभा राहत नाही. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आपण आजही कचेरीतल्या चुकीच्या टिपणापासून वाण्याच्या यादीपर्यंत कुठेही वापरतो, त्यामुळे ती गोष्ट जिवंत राहिली आहे आणि तिच्याबरोबर राघोबाची बदनामीही. काकूंचे वाटणे निराधार आहे असे म्हणून ते उडवून लावणे मला योग्य वाटत नाही. या शहरात सदाशिवरावांच्या नावाची पेठ आहे, नारायणरावांच्या नावाची आहे, नाना फडणविसांच्या नावाची आहे, आणि रघुनाथरावांच्या नावाची नाही. त्यावरून जो तर्क करायचा तो ज्याचा त्याने करावा.

परंतु हाच माणूस १७५८ साली लाहोरात होता आणि त्याच्या मोहिमेतल्या मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या. ‘अटकेपार झेंडा’ हा आपल्या भाषेतला अभिमानाचा वाक्प्रचार त्याच मोहिमेतून आला. त्या धावपळीमुळे लोकांच्या तोंडी त्यांचे एक नाव बसले, ते ‘राघोभरारी’. वर दिलेला रघू शब्दाचा अर्थ इथे पुन्हा वाचावा. वेगाने जाणारा तो रघू, आणि भरारी मारणारा तो राघोभरारी. ज्यांनी हे नाव दिले त्यांच्या मनात संस्कृत धातू असण्याचा संभव कमी आहे. पण टोपणनावाने मूळ नावाचा अर्थ नकळत पुन्हा उच्चारावा, असे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

आणि बदनामी झाली ती राघोबा या रूपाची झाली. रघुनाथ या नावाला तिची झळ लागलेली दिसत नाही. पेशवाई बुडाल्यानंतरच्या शतकात, पेशव्यांच्याच कोकणस्थ समाजात आई-वडील मुलांना हे नाव निःशंकपणे ठेवत होते. १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँगलर झालेले पहिले भारतीय ठरले आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुणेकरांनी त्यांना राघोबा केले नाही, ‘रँगलर’ केले, आणि ती पदवी त्यांच्या नावाला अशी चिकटली की रँगलर परांजपे म्हटल्याशिवाय ओळख पटत नाही. १८८२ साली जन्मलेले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. संततिनियमनाचा उघड पुरस्कार केल्याबद्दल त्यांना लोकांनी नाही नाही ते म्हटले, पण त्यांची आद्याक्षरे ‘र. धों.’ हेच त्यांचे नाव होऊन बसले. आपल्याच काळातले रघुनाथ माशेलकर १९८९ ते १९९५ या काळात पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. या तिघांपैकी एकाच्याही बाबतीत पुण्याला शनिवारवाडा आठवला नाही.

उत्तर : पेठेतला

आमच्या गावात नाव ठेवणाऱ्यांपेक्षा नावे ठेवणारे नेहमीच जास्त असतात. रघुनाथ जुनाट वाटते असे म्हणणारे उद्या राघव ठेवलेत तर ‘प्रत्येक वर्गात दोन राघव असतात’ असे म्हणतील. वडिलांची इच्छा आहे, भाऊ-वहिनीला मान्य आहे, मग विषय संपला. काकूंना पेढे जरा लवकर पाठवावेत.

उत्तर : सोलापूरची सून

पेठेतल्या काकांनी विषय संपवला असला तरी हाक मारण्याचा भाग अजून कोणी बोललेले नाही, आणि तो बायकांकडून विचारायला हवा, कारण घरात मुलाला काय म्हणायचे हे आमच्या अडचणींवरून ठरत आले आहे.

आजोबा गेल्यानंतर जन्मलेल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. पेशव्यांच्या घरातही ती होती. बाळाजी विश्वनाथ १७२० च्या एप्रिलमध्ये वारले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जन्मलेल्या नातवाचे नाव बाळाजी ठेवले. राघोबादादांच्या मुलाचेही तेच, आजोबा बाजीराव तर नातूही बाजीराव. आता त्या घरातल्या सुनेची अडचण पाहा. सासऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, आणि तेच नाव आपल्या पोटच्या मुलाला! अंगणात खेळणाऱ्या पोराला ती ‘रघुनाथ, जेवायला ये’ अशी हाक मारणार कशी? म्हणून त्याचे नाना होते, बापू होते, आबा होते, अप्पा होते. मूल चार वर्षांचे असले तरी त्याला नाना म्हणतात, याचे बाहेरच्या माणसाला हसू येते; घरातल्या बाईला त्यातली सोय माहीत असते. बाळाजी बाजीरावांना ‘नाना’ का म्हणत असतील, याचा विचार करताना मला नेहमी हीच चाल आठवते.

माझ्या सासरी हेच झाले. मोठ्या दिरांचे नाव रघुनाथ, कारण माझ्या आजेसासऱ्यांचे नाव रघुनाथ. सासूबाईंनी आयुष्यात त्यांना त्या नावाने कधी हाक मारली नाही. त्या म्हणायच्या ‘बापू’. शाळेतल्या मित्रांचे ते रघ्या, धाकट्या भावंडांचे दादा आणि शेतावरच्या गड्यांचे रघुनाथराव. एकदा टपालाने मनिऑर्डर आली आणि पोस्टमनने दारात उभे राहून पूर्ण नाव पुकारले, तेव्हा सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला. नाव मुलाचे होते, पण कानांवर पडले ते सासऱ्यांचे.

आत्याबाईंच्या घरी नाव पणजोबांचे आहे आणि आता असे सोवळे कोणी पाळत नाही, त्यामुळे वहिनींना ही अडचण यायची नाही. तरीसुद्धा घरातल्या घरात कोणी तरी काही तरी म्हणेलच, आणि ते रघुनाथवरून आलेले असेल असे नाही.

प्रश्नकर्तीची भर : कर्वेनगरची आत्या

सर्वांचे आभार. मुद्रितशोधक काकांचे उत्तर वडिलांना वाचून दाखवले, ते त्यांनी दोनदा वाचायला लावले. वहिनीच्या माहेरी कालिदासाची ओळ पोहोचवली आहे आणि तिकडून आता अर्थाची तक्रार नाही.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. घरात सगळ्यांनी बाळाला आत्तापासूनच ‘राघू’ म्हणायला सुरुवात केली आहे. काल वहिनीची बहीण म्हणाली की राघू म्हणजे पोपट, शाळेत पोरे चिडवतील. राघू हे पोपटाचे नाव रामावरून पडले की हे दोन निराळेच शब्द आहेत? आणि गुरुजींच्या ‘रा’ अक्षराचे काय करावे?

उत्तर : तारेवरचा राघू

माझे या ठिकाणचे नाव पाहून आपल्या लक्षात आलेच असेल की हा प्रश्न माझ्यासाठीच आहे. मी पक्षी पाहणारा माणूस आहे.

पिंजऱ्यातल्या पोपटाला बोलायला शिकवायचे तर पहिला शब्द देवाचा, ही आपल्याकडची रीत. त्यामुळे पोपटाला मिळालेली घरगुती नावेही देवाचीच आहेत. ‘विठू विठू’ करणारा तो विठू, आणि मैनेबरोबर जोडीने येणारा तो राघू. जात्यावरच्या ओव्यांत, रुखवतात, कापडावरच्या नक्षीत ही राघू-मैनेची जोडी जिथे तिथे भेटते, आणि तिथे राघू नेहमी देखणा, लाडका आणि बोलका असतो. चिडवण्यासारखे त्यात काही नाही.

मात्र ‘वेडा राघू’ हा पोपट नव्हे, हे पक्षिनिरीक्षक म्हणून मला सांगितलेच पाहिजे. सिंहगड रस्त्याने खडकवासल्याच्या पुढे गेलात की विजेच्या तारांवर ओळीने बसलेले लहानसे हिरवे पक्षी दिसतात, ते वेडे राघू. चोच काळी, बारीक आणि किंचित बाकदार असते, डोळ्यावरून काजळाची रेघ ओढल्यासारखी काळी पट्टी जाते आणि शेपटीच्या मधोमध दोन बारीक पिसे सुईसारखी बाहेर आलेली असतात. तो तारेवरून एकदम झेप घेतो, हवेतल्या हवेत माशी किंवा मधमाशी पकडतो, गिरकी घेऊन पुन्हा त्याच जागी येऊन बसतो आणि सावज तारेवर आपटून मगच गिळतो. पोपट फळे आणि दाणे खाणारा, हा किडे खाणारा; दोघांत सारखेपणा काय तो हिरव्या रंगाचा. त्याच्या या सारख्या झेपा आणि गिरक्यांना पाहून कोणीतरी त्याला वेडा म्हटले असावे. मला तर तो पाखरांतला सर्वांत हिशेबी वाटतो.

पोरे चिडवतीलच. राघवला ‘राघू’ म्हणून चिडवतात, विठ्ठलला ‘विठू पोपट’ म्हणून चिडवतात. शाळेत नाव सुटत नाही, हे सर्वांनाच ठाऊक आहे.

उत्तर : मुद्रितशोधक

राघूबद्दल एक पुरवणी जोडतो. घरात रघुनाथचा ‘राघू’ होतो, तेव्हाही पहिले अक्षर दीर्घ आहे हे पाहावे. म्हणजे हे लाडके नावही राघवाच्या वाटेने आले आहे. रघुनाथच्या वाटेने ‘रघू’ येतो, आणि मित्रमंडळींत त्याचा ‘रघ्या’ होतो, जसा सदूचा सद्या आणि पांडूचा पांड्या. हा ‘या’ वरकरणी तुच्छतेचा असला तरी वर्गमित्रांत तो जवळिकीचा असतो. निवृत्त होऊन वीस वर्षे झालेल्या माणसाला कट्ट्यावर कोणी ‘रघ्या’ म्हटले की तो दुखावत नाही, उलट वळून पाहतो. एकाच माणसाच्या नावात ऱ्हस्व रघू आणि दीर्घ राघू दोन्ही सुखाने नांदतात. त्यातला कोणता कोणाच्या तोंडी बसेल, हे सांगणारा नियम व्याकरणात नाही.

उत्तर : शनवारकर

‘रा’ अक्षराबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. चित्रा नक्षत्राची चरणाक्षरे पे, पो, रा, री अशी असल्यामुळे तिसऱ्या चरणाला ‘रा’ येते आणि रास तूळ येते. गुरुजींचे गणित बरोबर आहे. परंतु त्या अक्षराचे नाव हे नावरसाचे नाव असते आणि ते व्यवहारात वापरलेच पाहिजे असे बंधन नाही. नामकरणाच्या विधीतच देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी वेगवेगळी नावे सांगितलेली आहेत. ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नावे लिहितात, तेव्हा तिथे एकापेक्षा अधिक नावे असतात ती याचसाठी. तेव्हा नावरसाचे राघव आणि व्यवहारातले रघुनाथ असे दोन्ही लिहावे. गुरुजींचे अक्षर पाळले जाईल, वडिलांची इच्छा पुरी होईल, आणि मुद्रितशोधकांच्या हिशेबाने पाहिले तर त्या मुलाला राघू म्हणण्याचा अधिकृत आधारही घरच्यांना मिळेल.

काकूंना मात्र एवढे जरूर सांगावे की राघोबा म्हणून हाक मारण्याची चाल आता पुण्यातून जवळजवळ गेली आहे. ‘ओबा’ लावलेली नावे आज देवांना आणि संतांना उरली आहेत. विठोबा, खंडोबा, म्हसोबा, ज्ञानोबा, तुकोबा. माणसांत सदोबा किंवा गजोबा आता वाड्यांबरोबर गेले. या मुलाला कोणी राघोबा म्हटलेच, तर ते बहुधा काकूच म्हणतील.

उत्तर : सोलापूरची सून

नाव ठरले तर एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात ठेवावी. रुग्णालयातून जन्माची नोंद पुष्कळदा नावाशिवायच जाते. अशा नोंदीत १२ महिन्यांच्या आत शुल्क न भरता नाव घालता येते, त्यानंतर विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत ते घालता येते. घाई करू नये, पण विसरूही नये. दाखल्यावर फक्त रघुनाथ लिहावे, त्यापुढे ‘ऊर्फ राघव’ किंवा ‘ऊर्फ राघू’ असे काही जोडू नये. माझ्या दिरांच्या शाळेच्या दाखल्यावर कोणीतरी ‘रघुनाथ ऊर्फ बापू’ असे लिहून ठेवले होते, आणि निवृत्तिवेतनाच्या वेळी बापू आणि रघुनाथ ही एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र त्यांना करून द्यावे लागले. इंग्रजी स्पेलिंगही पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे आणि ‘जी’नंतरचा ‘एच’ राहिला नाही ना, हे दाखला हातात पडल्याबरोबर खिडकीपाशीच पाहून घ्यावे.

प्रश्नकर्ती : कर्वेनगरची आत्या

शनवारकरांची तोड घरात सर्वांना पटली. ताटात राघव आणि रघुनाथ दोन्ही लिहायचे ठरले आहे, आणि कानात मी रघुनाथ सांगणार आहे. पत्रिकेचा मजकूर छापायला जाण्याआधी मुद्रितशोधक काकांना दाखवता आला तर बरे होईल. आमच्या छापखानेवाल्याने पहिल्या नमुन्यात ‘रघूनाथ’ असेच छापून पाठवले आहे.